टीमचं मन सांभाळायचं असेल तर आधी रोस्टर उघडा

मी कस्टमर सपोर्टमध्ये काम करते. आधी स्वतः कॉल घेतले, मग टीम लीड झाले, आता टीम लीड्सना शिकवते. नव्यानं टीम हातात आलेला प्रत्येक जण पहिल्या दोन-तीन महिन्यांत मला एक प्रश्न हमखास विचारतो: "मॅडम, पगार बरा आहे, जागा चांगली आहे, तरी माणसं का कोमेजतात?" त्यांना जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. हे एचआरच्या धोरणासाठी लिहिलेलं नाही. ज्याच्या हाताखाली पाच-पंचवीस माणसं आहेत, ज्याच्याकडे वेगळं बजेट नाही आणि फार मोठे अधिकारही नाहीत, त्याच्यासाठी आहे. तुमचं काम फोनवरचं नसेल तर 'कॉल'च्या जागी फाइल, पेशंट, ऑर्डर, जे असेल ते वाचा.

ध्यानाचं सत्र नंतर

ताणाचा विषय निघाला की वरून साधारण एकच उत्तर येतं. कुणालातरी बोलवा, तासभराचं सत्र ठेवा. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. त्यात वाईट काही नाही, मलाही आवडतं. पण सत्र चालू असतं तेव्हा क्यूमध्ये कॉल साठत असतात, आणि ज्याला खरी गरज असते तोच नेमका हेडसेट लावून बसलेला असतो. जे सत्राला जातात ते परत येऊन साठलेलं काम उपसतात. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, ती २०२४ साली प्रसिद्ध झाली. ॲप, माइंडफुलनेस, ताण पेलण्याचं प्रशिक्षण असल्या उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्थितीत म्हणण्यासारखा फरक त्यांना दिसला नाही. थोडाफार अपवाद स्वयंसेवी कामाचा. या एका अभ्यासावरून सगळं निकालात काढायचं कारण नाही, पण वर मान्यतेसाठी जाताना तो जवळ असलेला बरा.

दुसरा आधार त्याहून पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली 'बर्नआउट'ची व्याख्या केली, ती अशी: कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था. तिनं त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित बाब म्हटलं आहे. खुणा तीन: अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मुळं कामाच्या मांडणीत आहेत म्हटल्यावर हातही तिथेच घालायला हवा. आणि कामाची मांडणी हा टीम लीडचा रोजचाच धंदा आहे.

रोस्टर वाचायचं कसं

मागच्या सहा आठवड्यांचं रोस्टर, म्हणजे कुणाची शिफ्ट कधी याचं वेळापत्रक, काढा आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष लॉगिन-लॉगआउटची यादी ठेवा. रोस्टर म्हणजे आपला मनसुबा, लॉगआउटची वेळ म्हणजे घडलं ते. या दोन कागदांत जितकं अंतर, तितकं कुणीतरी आपल्या पदरचं भरतंय.

सगळ्यात आधी दोन शिफ्टमधलं अंतर बघा. समजा, रात्री दहाला सुटणारा माणूस सकाळी सातला परत लावलाय. कागदावर नऊ तास दिसतात. शेवटचा कॉल लांबला, त्यात चाळीस मिनिटं गेली. जायला-यायला दोन तास. जेवण, अंघोळ, घरच्यांशी दोन शब्द. झोपेला पाच तास मिळाले तर नशीब. युरोपीय संघाच्या नियमानुसार चोवीस तासांत सलग किमान ११ तास विश्रांती द्यावी लागते. तुमच्याकडचा कायदा काहीही म्हणो, हा अकराचा आकडा स्वतःपुरता नियम करून टाका. शिफ्ट फिरवायच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेनं फिरवा. उलट्या दिशेनं शरीराला जास्त जड जातं.

मग एक नाव शोधा: कुणी गैरहजर राहिलं की आपण ज्याला फोन लावतो ते. प्रत्येक टीममध्ये एक जण असतो जो 'नाही' म्हणत नाही. रोस्टरवर त्याचे पाच दिवस असतात आणि लॉगिनच्या यादीत सहा. त्याची तक्रार कधी येत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्षही जात नाही, आणि एक दिवस तो शांतपणे पेपर टाकतो. अशा माणसाला 'जास्त काम करू नकोस' सांगून उपयोग नसतो. बदली माणसाची यादी करा, ती क्रमानं फिरवा आणि त्याचं नाव एकदा येऊन गेलं की महिनाभर येऊच देऊ नका.

साप्ताहिक सुट्टी तोडून देऊ नका, एवढं तिसरं. मंगळवारी एक आणि शनिवारी एक अशा दोन सुट्ट्या म्हणजे दोन दिवस कपडे धुण्याचे. सलग दोन दिवस मिळाले तर दुसऱ्या दिवशी माणूस माणसात येतो.

तासांचा हिशोब गमतीचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून मांडलेला अंदाज असा आहे: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. तुमच्या यादीत ५५ ओलांडणारं कुणी सापडलं तर मनाचं नंतर बघू, आधी त्याचे तास कमी करा.

हातात काहीतरी द्या

कामाचा बोजा तर सगळ्यांनाच दिसतो, पण दुसरी एक गोष्ट पटकन दिसत नाही. संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली मांडलं की मागणी जास्त आणि निर्णयाची मुभा कमी, ही जोडगोळी माणसाला सगळ्यात जास्त पिळते. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर झालेल्या 'व्हाइटहॉल' अभ्यासांत, संशोधक मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, कामावर ज्यांचं नियंत्रण कमी त्यांच्यात हृदयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे सगळ्यात जास्त दमणूक वरच्या साहेबाची होते ही समजूत काही खरी नाही.

मुभा द्यायला वरची परवानगी लागतेच असं नाही. मी टीम लीड्सना यापासून सुरुवात करायला सांगते: दोघांचं कौशल्य सारखं असेल तर त्यांनी शिफ्ट आपसात बदलावी, मला फक्त कळवावं. जेवणाची वेळ दीड तासाच्या टप्प्यात ज्यानं त्यानं ठरवावी. रोस्टर किमान तीन आठवडे आधी लागावं, कारण पुढच्या बुधवारी आपण कुठे असू हे माहीत नसलेला माणूस डॉक्टरची वेळसुद्धा घेऊ शकत नाही. कॉलचं स्क्रिप्ट शब्दशः वाचायला लावू नका, मुद्दे द्या. प्रत्येक गोष्ट छोटी आहे, म्हणून तर लगेच होते.

मुभा दिली तरी एक जुनं दुखणं उरतं. क्वालिटीवाले, म्हणजे कॉल ऐकून गुण देणारे, म्हणतात, ग्राहकाला वेळ द्या, आपुलकी दाखवा. ऑपरेशन्सवाले, म्हणजे रोजचं काम चालवणारे, म्हणतात, कॉल सहा मिनिटांत संपवा. मधे जो बसलाय तो दोन्हीकडून मार खातो आणि रोज हरतो. ही गाठ कॉल घेणारा सोडवू शकत नाही. दोन्ही विभागांच्या लोकांना एका खोलीत बसवा आणि विचारा, "दोन्ही जमत नसेल तर कुठलं सोडायचं?" उत्तर लेखी घ्या. नसतील देत तर तुम्ही स्वतः लिहा आणि सगळ्यांना सीसी करा. मग देतात.

शिव्या देणारा कॉल

ग्राहक चिडतो हे ठीक आहे. पण चिडणं कुठे संपतं आणि घाण बोलणं कुठे सुरू होतं, ती रेघ टीम लीडनं आखून द्यायची असते. कॉलवर बसलेल्या मुलीवर ते सोडायचं नाही. आम्ही ती लिहून ठेवली आहे. पहिल्यांदा म्हणायचं: "तुमची अडचण मी सोडवणारच आहे, पण ही भाषा वापरलीत तर मला कॉल बंद करावा लागेल." पुन्हा तेच झालं तर: "मी आता कॉल बंद करते आहे. तुमची तक्रार नोंदवलेली आहे, उत्तर ईमेलवर येईल." आणि कॉल बंद. हात वर करून परवानगी मागायची नाही. धमकी किंवा लैंगिक शेरा असेल तर पहिल्या सूचनेचीही गरज नाही.

खरी परीक्षा पुढे असते. तोच ग्राहक पुन्हा फोन करून सुपरवायझर मागतो: "तुमच्या बाईनं माझा फोन आपटला." त्या वेळी टीम लीड काय बोलतो हे अख्खा फ्लोअर कान देऊन ऐकत असतो. "मी रेकॉर्डिंग ऐकलंय. तिनं नियमाप्रमाणेच केलं. आता तुमच्या बिलाचं बोलूया." एवढं पुरतं. आणि त्या कॉलवर तिचे गुण कापले गेले तर वरचा सगळा नियम कागदावरच राहिला म्हणून समजा. तेव्हा क्वालिटीवाल्यांशी आधी बोलून घ्या आणि सिस्टीममध्ये अशा कॉलसाठी वेगळा कोड पाडून घ्या. तो कोड असलेला कॉल सरासरी वेळेत धरायचा नाही, गुणांत धरायचा नाही.

कॉल संपला की तिला क्यूमधून बाहेर काढा. पाणी, हवा, दहा-पंधरा मिनिटं. "बोलायचंय का?" विचारा. नको म्हणाली तर सोडून द्या. पुष्कळ भल्या माणसांना वाटतं की मोठा धक्का बसला की लगेच सगळं पहिल्यापासून बोलून टाकायला लावावं. धक्का बसल्याबसल्या एका बैठकीत असं सगळं उगाळून घेण्याची पद्धत एके काळी फार चालायची. जागतिक आरोग्य संघटना आता ती वापरू नका असं सांगते. घरी कसं जाणार, सोबत कोण आहे, उद्याची शिफ्ट बदलून हवी का, हे विचारणं जास्त कामाचं.

कुणाचं तरी बिनसलंय हे कसं कळतं

नैराश्याची लक्षणं पाठ करून टीमकडे बघू नका. आपण डॉक्टर नाही. पण डॉक्टरला जे दिसत नाही ते आपल्याला रोज दिसतं, ते म्हणजे हा माणूस एरवी कसा असतो. तेव्हा तुलना त्याची त्याच्याशीच करायची.

आमच्याकडे एक जण होता, त्याच्या तिकिटावरच्या (ग्राहकाच्या तक्रारीची सिस्टीममधली नोंद म्हणजे तिकीट) नोंदी म्हणजे निबंध. ग्राहकानं काय सांगितलं, आपण काय तपासलं, पुढच्या माणसानं काय बघावं, सगळं. त्यावरून त्याची थट्टाही व्हायची. हळूहळू त्या नोंदी 'बोललो. रिसेट केलं.' एवढ्यावर आल्या. डॅशबोर्डवर त्याचं सगळं हिरवं होतं, उलट कॉलची वेळ सुधारली म्हणून आठवड्याच्या मेलमध्ये त्याचं कौतुक आलं. त्याच्या टीम लीडनं नोंदी वाचल्या आणि विचारलं. घरात मोठं आजारपण होतं, रात्र रात्र जागरण चालू होतं. महिनाभर त्याची सकाळची शिफ्ट दुपारची केली आणि त्याला नव्या लोकांना शिकवण्याचं काम अर्धा वेळ दिलं. समुपदेशक वगैरे त्यानं घेतला की नाही मला माहीत नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

बाकी बघण्यासारख्या गोष्टी: ग्रुपवर विनोद टाकणारा नुसता 'ओके' लिहू लागतो. एका ठरावीक वारी रजा पडू लागतात. एकाच प्रकारची साधी चूक पुन्हा पुन्हा होते. कॉल संपला की लगेच जागेवरून उठून जाणं वाढतं. आणि उलटंही असतं बरं का. कधी थांबत नसलेला माणूस रोज उशिरापर्यंत बसू लागला, घरी जायचं टाळू लागला, तर त्याला 'स्टार ऑफ द मंथ' द्यायच्या आधी जरा चौकशी करा.

बोलायचं कसं

"जरा केबिनमध्ये ये" हा निरोप कधी पाठवू नका. नोकरी गेली असं वाटून समोरचा आधीच गार पडतो. कारण निरोपातच लिहा: "कामाची तक्रार काही नाही. सहज बोलायचंय, पंधरा मिनिटं, चार वाजता." वेळ शिफ्टमधली द्या आणि तेवढा वेळ त्याला क्यूमधून काढा. सुटल्यावर थांबायला लावलं तर तो घड्याळाकडेच बघत राहील. काचेची खोली नको. बाहेर एक चक्कर मारता आली तर सगळ्यात उत्तम, शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही.

सुरुवात जे दिसलं त्यापासून करा. निष्कर्ष सांगू नका. "तू डिप्रेस वाटतोस" म्हणजे निदान झालं. "गेले दोन आठवडे तुझ्या नोंदी अगदी तुटक येतायत, जेवायलाही एकटाच जातोस. कसं चाललंय?" हे ठीक. 'सगळं ठीक आहे ना?' असं विचारलं की उत्तर 'हो' हेच येतं, प्रश्नातच ते भरवलेलं असतं. विचारून झालं की गप्प बसा. इथेच आपली पंचाईत होते, कारण आपल्याला शांतता सोसत नाही आणि आपणच आपली कहाणी सुरू करतो.

बहुतेक वेळा तो म्हणेल, "काही नाही मॅडम, थोडा थकलोय."

तुम्ही म्हणा, "बरं. सांगायलाच हवं असं काही नाही. पण कामात काही हलकं करता येत असेल तर ते माझ्या हातात आहे. गुरुवारी पुन्हा विचारेन." आणि गुरुवारी खरंच विचारा. पुष्कळ जण दुसऱ्या खेपेलाच बोलतात. पहिल्या खेपेला ते तुमची परीक्षा घेत असतात.

वयानं मोठ्या सहकाऱ्याशी हा सूर चालत नाही. आपल्यापेक्षा लहान बॉससमोर मन मोकळं करायला त्यांना अवघड जातं. तिथे भावनेच्या वाटेनं जाऊच नका, कामाच्या वाटेनं जा: "या महिन्यात तुमच्याकडे जरा जास्तच आलंय असं मला दिसतंय. यातलं काय काढून घेऊ, तुम्हीच सांगा." मदत घेतल्यासारखं न वाटता मदत मिळाली पाहिजे.

'टेन्शन सगळ्यांनाच असतं', 'पॉझिटिव्ह विचार कर', 'आमच्या वेळी तर याहून वाईट होतं', 'तू तर स्ट्राँग आहेस', ही वाक्यं घरी ठेवून या. आजाराचं नाव विचारू नका. विचारायचं ते हे: "काम करताना नेमकं काय जड जातंय?" सकाळी उठणं, गर्दीचा आवाज, चिडलेले ग्राहक, एका वेळी तीन स्क्रीन, जे उत्तर येईल त्यावर काहीतरी करता येतं. एक-दोन गोष्टी ठरवा, कधीपर्यंत ते ठरवा, आणि ते दोघांकडे लिहिलेलं असू दे.

जिवाच्या गोष्टीवर आलं तर

कधीतरी कानावर पडतं, "मी नसलो तर सगळ्यांचंच बरं होईल." हे हसण्यावारी नेऊ नका आणि घाबरून विषयही बदलू नका. सरळ विचारा: "स्वतःच्या जिवाचं काही करावं असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी विचारलं याचाच अनेकांना आधार वाटतो.

उत्तर 'हो' आलं, किंवा 'नाही' आलं पण तुम्हाला पटलं नाही, तर त्याला एकटं सोडू नका. "कुणाला बोलावू?" हे त्यालाच विचारा, कारण दुखणं घरातलंच असेल तर घरी फोन लावून आपण ते वाढवू. डॉक्टर, जवळचं रुग्णालय किंवा तुमच्या भागातली आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइन यांपैकी एकाशी त्याच वेळी, तुमच्यासमोर संपर्क होऊ दे. धोका लगेचचा वाटला तर आपत्कालीन सेवेला फोन करा. तिथे त्याच्या परवानगीसाठी थांबायचं नसतं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. म्हणा, "सगळ्यांना सांगणार नाही, पण तू सुरक्षित राहावास म्हणून एक-दोघांना सांगावं लागेल." पोराबाळांची शपथ, पाप-पुण्य, 'किती स्वार्थी विचार आहे' यातलं काहीही काढू नका. ते नंबर आजच शोधून फोनमध्ये ठेवा, त्या दिवशी शोधायला सुचत नाही. आणि हे सगळं झाल्यावर तुम्हीही कुणाशीतरी बोला. असा दिवस टीम लीडलाही जड जातो.

कोणाला किती सांगायचं

बहुतेक ऑफिसांत रजांची एक शेअर केलेली शीट असते आणि तिच्यात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. तो आजच उडवा. सगळ्या फ्लोअरनं वाचावं असं त्यात काही नसतं, आणि तो आहे म्हणून लोक 'ताप' लिहितात.

टीमला सांगायचं ते एवढंच: "तो काही दिवस रजेवर आहे. त्याची तिकिटं तोपर्यंत हे दोघं बघतील." कुणी खोदून विचारलं तर "तो आला की त्याला वाटलं तर सांगेल" म्हणून थांबा. ईमेलच्या विषयात, चॅटवर, हॅन्डओव्हरमध्ये आजाराचं नाव कुठेही नको. तुमच्या वरिष्ठांनाही फक्त कामापुरतं सांगा: किती दिवस, काय बदल हवेत, बदली माणूस लागेल का.

रजा आणि परत येणं

रजेवर असलेल्या माणसाशी एकानंच बोलावं, आणि किती दिवसांनी ते त्यानंच ठरवावं. पासवर्ड कुठे आहे, अमका ग्राहक काय म्हणत होता, असले फोन गेले तर ती रजा राहिली नाही. काम खरोखर काढून घ्या. ते उरलेल्यांच्या डोक्यावर नुसतं वाटून टाकलंत तर पुढच्या महिन्यात दुसरा कुणीतरी रजेवर जाईल, आणि परत येणाऱ्याकडे सगळे तिरक्या नजरेनं बघतील. त्यामुळे टार्गेट कमी करा किंवा माणूस मागा.

परत यायच्या चार दिवस आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: टीमला काय सांगू, पहिल्या दिवशी कुठे बसायला आवडेल, आणि कशाची धास्ती वाटते. धास्ती बहुतेक वेळा इनबॉक्सची असते. तो आधीच कुणाकडून तरी निपटून घ्या, त्याच्यासाठी दहा-बारा महत्त्वाच्या मेल बाजूला ठेवा. पहिले काही दिवस अर्धा वेळ, मग वाढवत न्या. डॉक्टरांनी काही लिहून दिलं असेल तर त्याप्रमाणे. सगळ्यात त्रासदायक क्यूवर पहिल्या आठवड्यात लावू नका. ठरलेलं सगळं लेखी असू दे, प्रत्येक टप्प्याला तारीख असू दे, आणि त्या वर्षीचं टार्गेट रजेच्या प्रमाणात कमी करून घ्या. नाहीतर अप्रेझलच्या दिवशी त्याला आजाराची शिक्षा मिळते.

फुलासारखं जपूही नका. चांगली कामं काढून घेतली, त्याच्यासमोर आवाज खाली केला, तर माणसाला आपण तुटकेफुटके आहोत असं वाटत राहतं. "हे तू करशील की आणखी दोन आठवडे थांबायचं?" असं त्यालाच विचारा.

रात्रीचे मेसेज

'उद्या बघ, घाई नाही' हा मेसेज रात्री अकराला गेला की घाई असतेच. बॉसचं नाव स्क्रीनवर दिसलं की झोप उडते. मेसेज लिहून सकाळची वेळ लावून ठेवा, सगळ्या ॲपमध्ये सोय आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्या टीमपुरता तो आपणही देऊ शकतो. खरी तातडी असेल तर फोन, तोही त्या दिवशी ज्याची पाळी आहे त्यालाच, आणि त्या बदल्यात वेळ परत.

कंपनीची समुपदेशन सेवा

असेल तर तिचा नंबर भिंतीवर चिकटवण्याआधी स्वतः एकदा लावून बघा. किती वेळ वाजला? कुठल्या भाषेत बोलले? रात्रपाळीच्या माणसाला कधीची वेळ मिळेल? किती बैठका फुकट? आणि कंपनीला नेमकं काय कळवतात? नावं जात नाहीत, फक्त एकूण आकडे जातात, असं लेखी मिळालं तरच टीमला तसं सांगा. 'हेल्पलाइन आहे, गरज पडली तर वापरा' ऐकून कुणी फोन करत नाही. 'मी लावून पाहिलाय, असं असं होतं' ऐकून करतात.

वरच्यांना पटवायचं असेल तर

नैराश्य आणि चिंता यांमुळे जगभरात दर वर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात आणि त्याची किंमत सुमारे एक लाख कोटी डॉलर होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा स्लाइडवर छान दिसतो, पण माझ्या अनुभवात त्यानं कुणी हललेलं नाही. हलतात ते आपल्या घरच्या हिशोबानं. तुमच्या टीममधून वर्षभरात किती गेले, एकाच्या जागी दुसरा आणायला भरतीचा खर्च किती, शिकवण्यात किती आठवडे, आणि नवा माणूस हाताशी येईपर्यंत त्याच्या चुकांमुळे पुन्हा आलेले कॉल किती. एका पानात मांडा. मागणी लहान ठेवा: एक टीम, दोन महिने, अकरा तासांचा नियम आणि शिव्यांच्या कॉलसाठी वेगळा कोड. त्याला 'पायलट' म्हणा, साहेबांना तो शब्द आवडतो.

बदल झाला का, हे कसं बघायचं

नवीन काही मोजायची गरज नाही. आयत्या वेळच्या रजा, ठरलेल्या वेळेनंतरचे लॉगआउट, दोन शिफ्टमध्ये अकरा तासांपेक्षा कमी अंतर पडलेल्या वेळा, आणि सहा महिन्यांच्या आत सोडून गेलेले, हे चार आकडे सिस्टीममध्ये असतातच. तिमाहीतून एकदा बघा. एका गोष्टीची मात्र तयारी ठेवा: माणसांना सांगायला सुरक्षित वाटू लागलं की रजा आणि तक्रारी आधी थोड्या वाढतात. तेव्हा घाबरून सगळं मागे घेऊ नका, दुसरी तिमाही जाऊ द्या.

टीम लहान असेल, दहाच्या आतबाहेर, तर निनावी सर्व्हे काढू नका. वाक्याच्या ढबीवरून कोण बोलतंय ते सगळ्यांना कळतं. त्यापेक्षा दर महिन्याला प्रत्येकाला समोरासमोर तेच दोन प्रश्न विचारा: या महिन्यात कामातली कुठली गोष्ट सगळ्यात नकोशी झाली, आणि मी कुठली एक गोष्ट बदलली तर फरक पडेल. उत्तरं नावांशिवाय एका कागदावर उतरवा आणि महिन्याच्या पहिल्या मीटिंगला त्यातलं काय केलं, काय जमणार नाही आणि का, हे पाच मिनिटांत वाचून दाखवा.